कधीपासून?

सासूबाईंना घेऊन आम्ही पहिल्यांदा मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा औषध लिहिण्याआधी त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?" मी, जाऊ आणि नणंद, तिघी एकमेकींकडे बघू लागलो. जाऊ म्हणाली, दोन वर्षं झाली असतील. नणंद म्हणाली, छे, गेल्या पर्युषणापर्यंत आई अगदी ठणठणीत होती. मला मात्र आमच्या गौलीगुड्याच्या बस अड्ड्याची पत्र्याची मोठी शेड आठवली. जुलै 2018 मध्ये ती एका सकाळी कोसळली. त्यानंतर मंदिरातून येताना सासूबाई रोज विचारायच्या, "शेड कुठं गेली गं?" मी रोज सांगायची, पडली. घरी येऊन आम्ही हसायचो. डॉक्टरांनी ते 2018 साल कागदावर लिहून घेतलं.

ते साल माझ्या मनातून जाईना. माझ्या एका आठवणीवर तो आकडा उभा होता. असे शेकडो कागद एकत्र करून, संगणकावर मांडून, या आजाराचा आणि त्याच्या औषधांचा शोध घेतात म्हणे. म्हणजे घरातल्या बाईचं बोलणं शास्त्रात जातं. मग मी वाचायला घेतलं. सायन्सचा मला गंध नाही, पण वाचता वाचता कळलं की नोंदी गोळा करून औषधाची पारख करण्याची एक मोठी गोष्ट आपल्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडून गेली आहे.

आज ज्याला आपण उस्मानिया दवाखाना म्हणतो, त्याच्या आधीचा अफजलगंजचा दवाखाना. तिथे एडवर्ड लॉरी नावाचे इंग्रज सर्जन होते. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म देताना काही रोगी दगावत. श्वास आधी थांबतो की हृदय, यावर विलायतेत वाद पेटला होता. लॉरींचं म्हणणं, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पैशानं 1888 आणि 1889 मध्ये 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसलं. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. त्या एकाच कमिशनमध्ये चारशेहून अधिक मुके जीव वापरले गेले. कुत्री, माकडं, शेळ्या, ससेसुद्धा. जैन घरात वाढलेल्या बाईला ते पान पुढे वाचवत नाही. पण मी वाचलं, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

एवढे जीव गेले, एवढ्या नोंदी झाल्या, आणि कमिशननं लॉरींच्याच बाजूनं निकाल दिला. तो निकाल चुकीचा होता! 1911 मध्ये लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की भूल हलकी असताना, माणूस घाबरलेला असताना, क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवून जीव घेऊ शकतो. हैदराबादचे प्रयोग मुख्यतः भूल वाढवत नेऊन श्वास थांबेपर्यंत पाहण्याचे होते. प्रश्नच अपुरा विचारला, तर नोंदी चारशे असोत की चार हजार, उत्तर अपुरंच मिळतं.

आता दुसरं टोक बघा. 1901 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगुस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्यापाशी बसून प्रश्न विचारत आणि तिची उत्तरं जशीच्या तशी लिहीत. 1906 मध्ये ती वारली, तेव्हा तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी त्यात साचलेले थर आणि पेशींमधल्या गाठी दाखवल्या. 1910 मध्ये या आजाराला अल्झायमरचं नाव मिळालं. हरवलेली मानली जाणारी तिची फाइल 1995 मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली. एका गृहिणीचं नीट ऐकून घेतलं, त्यातून आजार ओळखला गेला.

आणि मग आपलं शहर पुन्हा येतं. इथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या निम्समध्ये, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्मरणाच्या रोग्यांची रीतसर नोंद ठेवली. त्यातल्या 648 रोग्यांचा अभ्यास नोव्हेंबर 2013 मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. 648 पैकी 391 जणांना दोन किंवा अधिक भाषा येत होत्या. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. हा फरक शिक्षणामुळे असेल, असं कुणालाही वाटेल. पण ज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्यांच्यातही तो दिसला, तब्बल सहा वर्षांचा. याआधी कॅनडातल्या टोरांटोत असाच अभ्यास झाला होता. पण तिथले दोन भाषा बोलणारे बरेचसे बाहेरदेशातून आलेले होते, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा, हे सांगणं अवघड होतं. हैदराबादेत तर भाजी तेलुगूत, रिक्षा दखनीत, भांडण मराठीत. इथलाच माणूस दोन-तीन भाषांत जगतो. म्हणून हा अभ्यास जगभर वाचला गेला.

या अभ्यासातला 'लक्षणं कधी सुरू झाली' हा आकडा घरच्या माणसाला विचारूनच घेतलेला आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीलाच.

औषधाच्या शोधातही आता हेच चाललं आहे. 2004 पासून अमेरिकेत एका मोठ्या प्रकल्पात रोग्यांचे आणि निरोगी माणसांचे मेंदूचे फोटो, रक्ताच्या तपासण्या, स्मरणशक्तीच्या चाचण्या वर्षानुवर्षं जमवून जगभरच्या संशोधकांना खुल्या केल्या जातात. संगणक त्यातून नमुना शोधतो. कुणाचा आजार भराभर वाढेल, कुठला रेणू मेंदूतल्या कुठल्या प्रथिनाला चिकटेल, हे तो आधी आकड्यांत करून पाहतो आणि निरुपयोगी रेणू प्रयोगशाळेत जाण्याआधीच बाजूला पडतात. उंदरावर गुणकारी ठरलेली कितीतरी औषधं माणसावर फसली. 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेकानेमॅबसुद्धा आजार बरा करत नाही. दीड वर्षाच्या चाचणीत त्यानं उतार सुमारे 27 टक्क्यांनी मंद केला, एवढंच. त्याच वर्षी आपल्या सरकारनं औषधचाचणीच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी संगणकावरच्या आणि मानवी पेशींवरच्या पद्धतींना वाव दिला. अफजलगंजच्या त्या मुक्या जीवांची आठवण ठेवून मला त्याचं फार बरं वाटलं.

पण संगणकानं सांगितलं म्हणजे ते खरंच, असंही नव्हे. दोन भाषांचंच घ्या. पुढे इतर ठिकाणी निरोगी माणसांवर अनेक वर्षं लक्ष ठेवून केलेल्या काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही. मग हैदराबादचा अभ्यास खोटा? नाही. 'स्यात्' म्हणायला आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. एका बाजूनं पाहिलं तर आहे, दुसऱ्या बाजूनं नाही, आणि काही वेळा सांगताच येत नाही. भारतातल्या संख्याशास्त्राचे जनक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1954 च्या एका लेखात आपल्या स्याद्वादाचा आणि आधुनिक संख्याशास्त्राचा मेळ दाखवला आहे. प्रवचनात ऐकलेली सप्तभंगी आकड्यांच्या शास्त्रात भेटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या घरांत दिवाळीला वह्यांची पूजा होते. पैशापैशाचा हिशेब तारखेनिशी लिहिला जातो. पण आईनं पहिल्यांदा रस्ता चुकवला तो दिवस, आमटीत मीठ दोनदा पडलं तो दिवस, कुणी लिहीत नाही. म्हातारपण आहे म्हणून हसून सोडून देतो. पुढे डॉक्टर विचारतात, तेव्हा तिघींची तीन उत्तरं होतात, आणि त्यातलं एक कागदावर जातं.

मी आता एक साधी दोनशे पानी वही केली आहे. कालची नोंद अशी: दारात आलेल्या भाजीवालीशी सासूबाईंनी तेलुगूत भाव केला, दोन रुपये कमी करून घेतले. मग आत येऊन मला विचारलं, "तू कुणाची गं?" तारीख घातली आणि वेळही.