ध्रुपद धरणारे

गेल्या वर्षी आपल्या उत्सवात समूहगानाच्या वेळी माझ्या मुलीला मागच्या रांगेत उभे केले. घरी परतताना मेट्रोत ती रुसून बसली. "बाबा, मी नुसती कोरसमध्ये आहे!" कोरसला मराठीत काय म्हणतात हे तिला सांगू लागलो आणि माझाच शोध सुरू झाला. मी भाषेचा पंडित नाही, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनियर. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

अशा गायकांना मराठीत शब्द पुष्कळ. शाहिरामागे 'जी जी' करीत सूर धरतात ते झीलकरी. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहतात ते टाळकरी. संस्कृत 'ताल'चा टाळ झाला आणि वारी करणारा जसा वारकरी, तसा टाळ धरणारा टाळकरी. त्यांतही ध्रुपद उचलून धरणारा तो ध्रुपद्या. ध्रुपद म्हणजे ध्रुवपद. कडवी बदलतात, पण हे पद ध्रुवताऱ्यासारखे जागचे हलत नाही. छापील गाथ्यात अभंगामध्ये '॥ध्रु.॥' दिसते, ती त्याचीच खूण.

बोलीने मात्र या मंडळींवर अन्याय केला. दुसऱ्याच्या होला हो म्हणणारा 'री ओढतो', तेच तेच बोलणे 'पालुपद' ठरते आणि 'टाळकुट्या' तर हेटाळणीचाच शब्द झाला.

पण तुकोबांच्या मागे कोण उभे होते ते पाहा. परंपरा त्यांचे १४ टाळकरी सांगते. त्यांतील चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगारामबुवा मवाळ यांनी अभंग लिहून ठेवले, असे मानतात. संताजींच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी २०व्या शतकात गाथा छापला. मागे उभे राहणाऱ्यांनीच गाणे जपले!

आमच्या रुळांवरही हेच. मेट आवाज देतो, गँग एका दमात उत्तर देते, तेव्हा रूळ सरकतो. उत्तर मागेपुढे झाले तर रूळ पायावर.

दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या अनेक मुलांना आरतीची सगळी कडवी येत नाहीत, ध्रुपद मात्र येते. त्यांना तेवढे तरी मोकळ्या आवाजात म्हणू द्यावे, ही कार्यकर्त्यांना विनंती. कडवी मागाहून येतील.

मुलीला हे सारे सांगितले. यंदा ती आपणहून मागच्या रांगेत आहे, टाळही मागून घेतलेत. शेवटी 'गणपती बाप्पा' एकच जण म्हणतो, 'मोरया' मागूनच यावे लागते.