थॅक्स्टेडचा नाच किती जुना?

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं थॅक्स्टेड हे छोटं गाव मॉरिस नाचासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी ठिकठिकाणची पथकं इथे जमतात, दिवसभर आसपासच्या खेड्यांत नाचतात आणि संध्याकाळी गिल्डहॉलजवळच्या रस्त्यावर एकत्र येतात. तिघं-तिघं समोरासमोर, असा सहा जणांचा संच. पांढरे कपडे, हातात रुमाल किंवा काठ्या, नडगीवर बांधलेल्या पट्ट्यांना ओळीने शिवलेले घुंगरू. मागे पंधराव्या शतकातली लाकडी इमारत असल्यामुळे नाचही तेवढाच जुना असणार, असं बघणाऱ्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात इथला नाच १९११ चा. कॉनराड नोएल हा समाजवादी धर्मगुरू १९१० मध्ये इथल्या चर्चमध्ये रुजू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पत्नी मिरियम हिने लंडनच्या एस्पेरान्स क्लबच्या मदतीने गावात मॉरिस आणला. हा क्लब मेरी नील यांनी शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींसाठी चालवलेला. त्या मुलींना १९०५ मध्ये नाच शिकवला तो ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीचा गवंडी विल्यम किंबर आणि त्याचा चुलतभाऊ यांनी. म्हणजे गवंड्याकडून शिवणकामाच्या मुलींकडे आणि तिथून एसेक्समधल्या एका गावात, असा हा प्रवास. कष्टकऱ्यांनी कष्टकऱ्यांना शिकवलेली ही कला आहे, आणि तिचं खरं मोल मला यातच दिसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग ही परंपरा बनावटच म्हणायची. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांचं रचलेल्या परंपरांवरचं पुस्तक १९८३ मध्ये आल्यापासून हा शेरा फारच स्वस्त झाला आहे. पण तो लावायचा, तर कुठे तरी अस्सल मूळ सापडायला हवं. मॉरिसची सर्वांत जुनी लेखी नोंद १४४८ ची, लंडनच्या सोनारांच्या संघाने नाचणाऱ्यांना दिलेल्या पैशांची. श्रीमंतांच्या मेजवानीतला हा करमणुकीचा प्रकार पुढे खेड्यांत उतरला. ख्रिस्तपूर्व शेतीविधींमधून तो आला, या लाडक्या कल्पनेला काहीच पुरावा नाही. ज्याला आपण मूळ म्हणतो तेही कुणी तरी कुठून तरी उचललेलंच होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हा सगळा वरच्या वर्गाचा छंद होता, गावावर लादलेला. नोएलची नेमणूकही वॉरिकच्या काउंटेसने केलेली. हे खरं आहे, आणि नोएलवर गाव एकमताने खूश होतं असंही नाही. १९२१ मध्ये चर्चमधल्या लाल आणि आयरिश राष्ट्रवादी शिन फेन पक्षाच्या झेंड्यांवरून इथे हाणामारीपर्यंत पाळी आली. तरीही गुस्ताव होल्स्ट याने (ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत देण्यासाठी संस्कृत शिकलेला तो संगीतकार) १९१६ मध्ये त्याच चर्चमध्ये संगीतोत्सव भरवला, तेव्हा लंडनहून आलेल्या त्याच्या विद्यार्थ्यांबरोबर गावचे लोकही गायला उभे राहिले. नोएल १९४२ मध्ये वारला. नाच मात्र चालू राहिला. नुसत्या आश्रयावर उभी असलेली गोष्ट आश्रयदात्यामागे इतकी वर्षं टिकत नाही.

नुकसान झालं ते नवेपणामुळे नव्हे, जुनेपणाच्या दाव्यामुळे. १९३४ मध्ये थॅक्स्टेडसह सहा पथकांनी ‘मॉरिस रिंग’ ही संघटना काढली आणि ती फक्त पुरुषांसाठी ठेवली. जुन्या गावांत बहुतेक पुरुषच नाचत, हा त्यामागचा युक्तिवाद. तेवढ्यापुरता तो बरोबरही होता. पण ज्या मुलींनी हा नाच लंडनमध्ये आत्मसात केला आणि गावोगावी जाऊन शिकवला, त्यांच्यावाचून १९३४ ची बैठक भरलीच नसती. लोकगीतं आणि लोकनृत्यं गोळा करणारे सेसिल शार्प यांनी नाचाची शुद्धता राखण्याच्या नावाखाली मेरी नील यांच्याशी वाद मांडला आणि १९११ मध्ये स्वतःची संस्था काढली. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर नील यांचं काम थांबलं. पुढे पुष्कळ वर्षं मॉरिसच्या या पुनरुज्जीवनाचा इतिहास शार्प यांच्या नावाने सांगितला गेला आणि शिकवणाऱ्या मुली त्यातून गळल्या. बायकांच्या पथकांना स्वतःचा महासंघ काढायला १९७५ उजाडावं लागलं, आणि तेव्हाही त्यांना ऐकावं लागलं की बायकांनी मॉरिस नाचणं हा परंपरेत घुसवलेला नवा प्रकार आहे.