कुलदीपक ते विश्वस्त : शेठ कस्तुरभाई लालभाई

जैन समाजाचा इतिहास जसा आचार्यांचा आणि मुनिवरांचा आहे, तसाच तो प्रपंच सांभाळून धर्मकार्य करणाऱ्या श्रावकांचाही आहे. अबूच्या पर्वतावर विमलवसही उभारणारा मंत्री विमलशाह, त्याच पर्वतावर लूणवसही उभारणारे बंधू वस्तुपाल-तेजपाल, राणकपूरचे चतुर्मुख जिनालय बांधणारा धरणाशाह, हे सारे संसारी पुरुष होते. या पूर्वजांनी मंदिरे उभारली. त्यांचे जतन करण्याचे तितकेच कठीण कार्य विसाव्या शतकात ज्या गृहस्थाने अंगावर घेतले, ते अहमदाबादचे शेठ कस्तुरभाई लालभाई होत. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या कुटुंबप्रमुखाच्या जीवनाचे स्मरण करणे मला उचित वाटते.

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी झाला. मोगल काळातील सुप्रसिद्ध नगरशेठ शांतिदास झवेरी हे त्यांचे पूर्वज. वडील लालभाई दलपतभाई यांनी जवाहिऱ्यांच्या घराण्याला गिरणीधंद्याच्या वाटेवर आणले. कुटुंबातील वाटणीनंतर रायपूर मिल त्यांच्या वाट्याला आली आणि त्यानंतर अल्पावधीतच, १९१२ साली, त्यांचे हृदयविकाराने अकस्मात निधन झाले. कस्तुरभाई त्या वेळी अवघे १७ वर्षांचे होते. नुकतेच मॅट्रिक होऊन ते गुजरात कॉलेजात शिकत होते. मातोश्रींच्या इच्छेनुसार त्यांनी शिक्षण सोडले आणि ते गिरणीत जाऊ लागले. ज्या वयात मुलाने वडिलांकडे खर्चाला पैसे मागावेत, त्या वयात त्यांच्यावर घर आणि गिरणी अशी दुहेरी जबाबदारी पडली.

कापूस चांगला असल्याशिवाय सूत चांगले निघत नाही, हे ओळखून त्यांनी कापसाच्या पेठा स्वतः हिंडून रुईची पारख आत्मसात केली. आम्हा कापडवाल्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. हाताने कापड चाचपून पोत सांगणारा मनुष्य पुस्तकातून तयार होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात धंद्याला तेजी आली. पुढे अशोक, अरुणा, नूतन, अरविंद अशा गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या आणि समूहातील गिरण्यांची संख्या सातवर गेली. परदेशी तलम कापडाच्या तोडीचा माल येथेच निघावा, या हेतूने १९३१ साली अरविंद मिलची स्थापना झाली. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४७ साली, वलसाडजवळ रंग-रसायनांसाठी अतुल ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अहमदाबादच्या बहुसंख्य गिरण्या १९८० नंतरच्या काळात बंद पडल्या. अरविंद आणि अतुल मात्र आजही चालू आहेत.

सार्वजनिक जीवनातही ते मागे नव्हते. १९२३ ते १९२६ या काळात मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य असताना देशी कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर रद्द व्हावा, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. १८९६ पासून चालत आलेला तो जाचक कर १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला आणि नंतर रद्द करण्यात आला. मालक म्हणून त्यांची भूमिका प्रत्येक वेळी कामगारांना रुचली असे नाही. १९३६ मध्ये वेतनकपातीचा प्रश्न निघाला, तेव्हा कामगारांच्या बाजूने महात्मा गांधी आणि मालकांच्या बाजूने कस्तुरभाई असे दोन पंच होते. दोघांचे मत जुळले नाही. तेव्हा सर गोविंदराव मडगावकर यांना निर्णायक पंच नेमण्यात आले. मतभेद असूनही गांधीजींविषयीचा त्यांचा आदर उणावला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता त्यांच्या धर्मकार्याकडे वळू. श्वेतांबर मूर्तिपूजक तीर्थांचा कारभार पाहणाऱ्या शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे ते सुमारे अर्धशतक अध्यक्ष होते. प्रारंभीच त्यांच्यापुढे शत्रुंजयाचा पेच उभा राहिला. यात्रेकरूंच्या कराबद्दल पालिताणा संस्थानाला वर्षाला १५,००० रुपये देण्याचा ४० वर्षांचा करार १९२६ साली संपला आणि संस्थानाने वाढीव आकारणीचा आग्रह धरला. समाजाने यात्राच बंद ठेवली. दोन वर्षांहून अधिक काळ गिरिराजाच्या पायऱ्यांवर यात्रेकरूंची वर्दळ नव्हती. अखेर १९२८ मध्ये सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने वर्षाला ६०,००० रुपयांवर ३५ वर्षांचा करार झाला आणि यात्रा पुन्हा सुरू झाली. रक्कम चौपट झाली, परंतु समाजाची एकजूट अभंग राहिली.

यानंतर जीर्णोद्धाराचे पर्व सुरू झाले. १४३९ साली प्रतिष्ठा झालेल्या राणकपूरच्या जिनालयाची पडझड थांबविण्यात आली. देलवाड्याच्या मंदिरांसाठी मूळच्या दगडाशी जुळणारा संगमरवर अंबाजीजवळील दांता संस्थानाच्या डोंगरांतून आणून सोमपुरा कारागिरांकडून जुन्या कोरीव कामाबरहुकूम नवे काम करविण्यात आले. शत्रुंजयावर मुख्य मंदिराभोवती पुढील काळात दाटीवाटीने बसविलेल्या मूर्तींमुळे मूळ शिल्प झाकून गेले होते. त्या मूर्ती सन्मानाने हलवून नव्या टुंकेत १९७६ साली त्यांची प्रतिष्ठा करण्यात आली. मूर्ती हलविण्यास काही भाविकांचा विरोध होता. तरीही पूर्वजांचे शिल्प डोळ्यांआड राहू नये, या विचारावर कस्तुरभाई ठाम राहिले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा निधी म्हणजे काय हे शिकवावे लागते. यंत्र चालू असते तेव्हाच ते झिजत असते आणि त्या झिजेची तरतूद दरवर्षी करावी लागते. कस्तुरभाईंनी हा गिरणीतील नियम तीर्थांना लावला, असे मला वाटते. नव्या मंदिराच्या पायाभरणीला दाते पुढे येतात, कारण तेथे नावाची पाटी लागते. गळक्या छपरासाठी आणि खचलेल्या खांबासाठी देणगी मागणे अवघड असते. हे अवघड काम त्यांनी आयुष्यभर केले.

नावाच्या बाबतीतही त्यांचे वर्तन विचार करण्याजोगे आहे. १९४८ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी कुटुंबाने २५ लाख रुपये दिले. त्याला नाव मिळाले ते दिवंगत पित्याचे, एल. डी., म्हणजेच लालभाई दलपतभाई. मुनिश्री पुण्यविजयजींच्या प्रेरणेने १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विद्या संशोधन संस्थेलाही तेच नाव आहे. महाराजश्रींनी आपल्या संग्रहातील सुमारे १०,००० हस्तलिखिते या संस्थेस दिली. संस्थेच्या इमारतीचा आराखडा मूळचे पुण्याचे वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांचा होता. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे कस्तुरभाईंचे सहकारी होते. वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था 'अटिरा' आणि १९६१ साली स्थापन झालेली भारतीय प्रबंध संस्था यांच्या पायाभरणीत डॉ. विक्रम साराभाईंसमवेत त्यांचा मोठा वाटा होता. ज्याला स्वतःला महाविद्यालय अर्धवट सोडावे लागले, त्याने शिक्षणसंस्थांवर संपत्ती वेचावी आणि नाव मात्र पित्याचे ठेवावे, याहून मोठी पितृभक्ती ती कोणती!

पुत्र सिद्धार्थभाई आणि श्रेणिकभाई यांना त्यांनी उच्च शिक्षण देऊन कामाला लावले. दोघेही आडनावाच्या जागी वडिलांचे नाव लावीत, हेही सूचक आहे. पेढीची धुरा पुढे श्रेणिकभाईंनी वाहिली. १९६९ मध्ये भारत सरकारने कस्तुरभाईंना पद्मभूषण देऊन गौरविले.

२० जानेवारी १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या मृत्यूनिमित्त एकही गिरणी बंद ठेवू नये, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. व्यापारपेठेत मान्यवर गेला की दुकाने बंद ठेवण्याची आपली रीत आहे आणि तिच्यामागील भावना चांगलीच आहे. तथापि, आपल्यामागे काम खंडित न व्हावे, ही त्यांची इच्छा मला अधिक मोठी वाटते.

कोणत्याही विश्वस्त संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा संस्थापकांची पिढी मावळतीला लागलेली असते. हाती घेतलेली मालमत्ता पुढच्या हाती देताना ती अधिक सुस्थितीत आहे काय, हिशेब स्वच्छ आहेत काय आणि आपण नसताना उद्याचे काम अडणार नाही ना, हे तीन प्रश्न प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आणि प्रत्येक विश्वस्ताने स्वतःला विचारावेत. कस्तुरभाईंच्या जीवनात तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. घरातील तरुणांना ही कथा अवश्य सांगावी, एवढीच वाचकांना नम्र विनंती.

जय जिनेंद्र!