पाखंड्याला दिलेला शब्द

१० नोव्हेंबर १४४४ रोजी काळ्या समुद्राकाठी वार्ना येथे तुर्की सुलतान दुसरा मुराद आणि पोलंड-हंगेरीचा राजा व्लादिस्लाव यांची लढाई झाली. मुरादाने मोडलेल्या तहाचा कागद भाल्यावर लावून सैन्यापुढे धरला होता, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा रचलेली, तीमागचा आरोप खोटा नव्हता. तीन महिन्यांपूर्वी ठरलेला दहा वर्षांचा तह ख्रिस्ती पक्षाने मोडला होता. तो मोडण्याला धर्माचा आधार देणारा कार्डिनल जुलियानो चेझारिनी त्या दिवशी रणांगणावरच होता.

चेझारिनीला धर्मवेडा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते त्याच्या चरित्राशी जुळत नाही. १३९८ साली रोममध्ये जन्मलेला हा माणूस मुळात कायद्याचा पंडित. पदुआच्या विद्यापीठात तो शिकवीत असे. पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या निकोलस ऑफ कुसाशी त्याचा स्नेह तिथेच जुळला. निकोलसने १४४० साली पूर्ण केलेला, अज्ञानाच्या जाणिवेलाच ज्ञान मानणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ चेझारिनीला अर्पण केला आहे.

१४२६ साली तो कार्डिनल झाला आणि १४३१ साली पोपचा मुखत्यार म्हणून बोहेमियातल्या हुसपंथीयांवरील धर्मयुद्धाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. या युद्धाचे मूळ एका मोडलेल्या शब्दात होते. यान हुस सम्राट सिगिस्मुंडचे अभयपत्र घेऊन कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला गेला आणि ६ जुलै १४१५ रोजी तिथेच त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याचे अनुयायी तेव्हापासून पेटून उठले होते. १४ ऑगस्ट १४३१ रोजी डोमाझ्लित्से येथे हुसपंथीयांच्या रणगाड्यांची घरघर आणि त्यांचे युद्धगीत ऐकूनच धर्मयोद्ध्यांची फौज पांगली, असे इतिवृत्तकार लिहितात. कार्डिनल कसाबसा निसटला. पोपचा फर्मान, क्रूस आणि त्याचा झगा शत्रूच्या हाती पडला.

या पराभवातून चेझारिनी जे शिकला, ते त्याच्या काळात दुर्मीळ होते. ज्यांना तलवारीने जिंकता येत नाही, त्यांच्याशी बोलावे लागते. बाझेलच्या धर्मपरिषदेचा अध्यक्ष म्हणून त्याने हुसपंथीयांना चर्चेचे आमंत्रण दिले. पोप चौथ्या युजीनने परिषद बरखास्त करण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्याने पोपला कडक पत्र लिहिले. आधी फौजा पळाल्या, आता सगळे चर्चच पळाले असे लोक म्हणतील, असा त्याचा युक्तिवाद होता. हुसची आठवण ताजी असल्यामुळे अभयपत्राच्या अटींवर १४३२ साली एगर येथे बारकाईने वाटाघाटी झाल्या. जानेवारी १४३३ मध्ये सेनापती प्रोकोप आणि धर्मोपदेशक रोकित्साना सुमारे तीनशे स्वारांसह बाझेलला आले, महिनोन्‌महिने वाद घालून सुखरूप परतले. पाखंड्याला दिलेला शब्द या वेळी पाळला गेला. १४३६ साली झालेल्या कराराने बोहेमियातल्या सामान्य भाविकांना प्रसादात भाकरीबरोबर द्राक्षारसही घेण्याची मुभा मिळाली.

मग हाच माणूस आठ वर्षांनी उलट का वागला? १४४२ पासून तो हंगेरीत पोपचा प्रतिनिधी होता. १४४३-४४ च्या हिवाळी मोहिमेत हुन्यादीच्या सैन्याने तुर्कांना बाल्कनमध्ये मागे रेटले. एप्रिल १४४४ मध्ये राजाने त्याच वर्षी पुन्हा स्वारी करण्याची शपथ घेतली. त्या भरवशावर ख्रिस्ती आरमार सामुद्रधुनीकडे निघाले. इकडे मुरादशी तहाची बोलणी सुरूच होती. सर्बियाच्या ब्रांकोविचला त्याचे किल्ले आणि तुर्कांनी आंधळे केलेले दोन मुलगे परत मिळणार होते. जूनमध्ये मुरादाने एदिर्ने येथे तहाची शपथ घेतली, ऑगस्टमध्ये हंगेरीनेही घेतली. राजाने ती स्वतः घेतली का, याविषयी ओस्कर हालेत्स्की या पोलिश इतिहासकाराने शंका उपस्थित केली आहे. पण तह झाला होता यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. चेझारिनीचा कौल असा पडला की, पोपच्या संमतीवाचून परधर्मीयाला दिलेली शपथ बंधनकारक नाही.

कायदेपंडिताच्या दृष्टीने यात तर्क होता. आधीची शपथ ख्रिस्ती जगताला दिलेली, नंतरची तिच्या विरुद्ध जाणारी. पण बाझेलमध्ये समोरचा शत्रू डोळ्यांपुढे बसलेला होता, उत्तर देत होता. इथे तो सामुद्रधुनीपलीकडे होता, आणि जिंकण्याची आशा जवळ. ब्रांकोविच मात्र आपले किल्ले घेऊन घरी राहिला. आरमाराला न जुमानता मुराद सामुद्रधुनी ओलांडून आला.

वार्नाला शत्रूचे बळ दिसल्यावर चेझारिनीने गाड्यांचा कोट करून आरमाराची वाट पाहण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. तेरा वर्षांपूर्वी त्याला पळवून लावणाऱ्या हुसपंथीयांचीच ही युक्ती. हुन्यादीने ती मानली नाही. वीस वर्षांचा राजा मुरादच्या छावणीवर चालून गेला आणि मारला गेला. चेझारिनीही परतला नाही. त्याच्या मृत्यूच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत.

बाझेलमध्ये त्याने घातलेला पायाही टिकला नाही. १४६२ साली पोप दुसरा पायस याने हुसपंथीयांशी झालेला करार रद्द ठरवला. हा पायस तरुणपणी बाझेलच्या परिषदेत कारकून होता. समोरचा माणूस पाखंडी आहे म्हणून शब्द हलका होतो, हा नियम एकदा मान्य केला की तो कोणालाही लावता येतो. चेझारिनीने तो एकदा नाकारला आणि एकदा मानला. त्याच्या नावापुढे इतिहासात वार्नाच उरली, बाझेल फार थोड्यांना आठवते.