ठिपक्यांचा नकाशा आणि ओहोटीची वेळ

पर्यावरणाच्या कामात सध्या एक समजूत इतकी पक्की झाली आहे की तिच्यावर शंका घेणारा एकतर मागासलेला ठरतो, नाहीतर बिल्डरचा माणूस. समजूत अशी : झाडं, पक्षी, खेकडे, खारफुटी, जे असेल ते मोजा, प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश जोडा, संगणकावर विश्लेषण करून नकाशा वेबवर चढवा. मग लोकांना आपोआप कळेल, आणि कळलं की ते जपतील. महापालिकेच्या वृक्षगणनेपासून कॉलेजच्या निसर्गमंडळापर्यंत सगळे आज याच वाटेने चालले आहेत. गिरगाव ते परळ-लालबाग या पट्ट्यात तर हा आग्रह जास्तच दिसतो. ‘इथे निसर्ग उरलाय कुठे?’ असं विचारणाऱ्याच्या तोंडावर टाकायला काहीतरी पुरावा हवाच असतो.

पूर्वपक्ष दुबळा नाही, तेव्हा तो नीट मांडायला हवा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. तिच्या नियतकालिकात या शहराच्या जीवसृष्टीबद्दल शंभराहून अधिक वर्षं लिहिलं गेलं, पण ते वाचलं किती जणांनी? ज्ञान होतं, पण ते कपाटात. कुणालाही नोंद करता येईल अशी संकेतस्थळं आली, २००२ साली ईबर्ड आणि २००८ साली आयनॅचरलिस्ट, आणि कपाटं उघडली. २०१७ मध्ये प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. गिरगाव चौपाटी, हाजीअली, जुहू अशा ठिकाणी ओहोटीला लोकांना घेऊन जायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि जागा-तारखेसह नोंद करायची. ज्या किनाऱ्याकडे आपण भेळ खाताना पाठ करून बसतो, तिथे ऑक्टोपस आणि प्रवाळ आहेत हे हजारो मुंबईकरांना या नोंदींमुळे कळलं. हे श्रेय कुणी नाकारू नये. वाद नोंदींशी नाहीच. ‘नकाशा चढवला की काम झालं’, या पुढच्या उडीशी वाद आहे.

या पक्षाची आवडती कथा लंडनची. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला, डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढला, एका पंपाभोवती गर्दी दिसली, पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. प्रत्येक कार्यशाळेत ही कथा पहिल्या दहा मिनिटांत येते. घडलं ते वेगळं. दांडा ८ सप्टेंबरला निघाला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती आणि तो प्रसिद्ध नकाशा तयार झाला त्यानंतर. स्नोंच्या पुस्तकात तो छापला गेला १८५५ साली. नकाशा पाहूनही सरकारी आरोग्य मंडळाने त्यांचं म्हणणं मानलं नाही. ते मानण्याजोगं झालं हेन्री व्हाइटहेड या तिथल्याच धर्मोपदेशकामुळे. स्नोंना खोटं पाडायच्या इराद्याने तो घरोघर फिरला, कारण वस्तीतली माणसं त्याच्या ओळखीची होती, आणि फिरता फिरता स्नोंचं म्हणणंच त्याने सिद्ध केलं. म्हणजे नकाशाने जग बदललं या दाव्याच्या मुळाशी असलेली कथाच उलट साक्ष देते. नकाशाच्या आधी आणि नंतरही कुणाला तरी दारं ठोठावावी लागली होती.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या प्रतिमांवरून किनाऱ्याचे नकाशे करण्याची पद्धत आहे, आणि त्यात काय सुटतं याचा फारसा उच्चार होत नाही. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ हे उपग्रह अशा कक्षेत फिरतात की ते कोणत्याही जागेवरून रोज नाही, पण जेव्हा जातात तेव्हा साधारण ठरलेल्या वेळीच जातात. मुंबईच्या घड्याळात ही वेळ सकाळी अकराच्या आसपास पडते. दुसरीकडे, तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर जुना आहे. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. उधाणाच्या दिवशी समुद्र सर्वांत वर चढतो तो सकाळी आणि रात्री सव्वाअकराला आणि सर्वांत खाली उतरतो तो पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणून बाराच्या सुमाराला ओहोटी खरी, पण ती भांगाची. तेव्हा पाणी फार मागे हटत नाही. दोन्ही हिशेब शेजारी मांडून पाहा. आकाशातला डोळा बरोबर अशा वेळी उघडतो की हाजीअलीचे सर्वांत खालचे खडक त्याला जवळजवळ कधीच दिसत नाहीत. एवढा महागडा कॅमेरा, आणि त्याला कालवं काढणाऱ्या बाईइतकंही दिसत नाही!

ती बाई काय पाहते? उधाणाच्या संध्याकाळी पाणी हटलं की हाजीअलीच्या वाटेच्या कडेला काळा खडक उघडा पडतो. त्याच्या खोबणींत वीतभर पाणी साचलेलं असतं. कडेला कालवांची धारदार कवचं, अनवाणी पाय ठेवला तर चिरणारी. डबक्याच्या तळाशी समुद्रफूल पसरलेलं. बोट लावलं की मिटतं. एखादा शंख चालू लागतो, कारण आत मालक दुसराच असतो. आणि खडकाच्या अंगाला चिकटलेली, तळहाताएवढी, खडबडीत, मातकट प्रवाळाची वसाहत. पर्यटनाच्या जाहिरातीतल्या प्रवाळाशी तिचं काही साम्य नाही. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे १:२५,००० या प्रमाणात असतात. त्यात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पंचवीस मीटर. त्या नकाशात हे डबकं कुठे बसणार? आणि दोन-तीन तासांनी ते पाण्याखाली जाणार, हे कोणत्या रंगाने दाखवणार?

रंगाचा विषय निघालाच आहे. उपग्रहाच्या चित्रातून हिरवेपणा मोजणारा एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक लोकप्रिय आहे. तो वापरून ‘मुंबईचं हिरवं कवच’ असे नकाशे निघतात. त्यात शिवाजी पार्कच्या कडेचे रेन ट्री झळकतात. हा वृक्ष मूळचा अमेरिका खंडातला. सावली उत्तम देतो, म्हणून त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण याच नकाशात शिवडीचा चिखल उजाड दिसतो. लालबागहून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या या ‘उजाड’ जागेवर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हजारो रोहित पक्षी चोच उलटी करून चरत असतात. माहूल-शिवडीची खाडी पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून नोंदलेली आहे. तरी २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याची १,६९० हेक्टरची रेघ ऐरोली ते वाशी पुलांच्या भागात आखली गेली आणि शिवडी बाहेर राहिली. २०२२ साली त्या अभयारण्याला पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला; जानेवारी २०२४ मध्ये शिवडीतूनच अटल सेतू हा समुद्रावरचा पूल सुरू झाला. नकाशा पाहणाऱ्या शाळकरी पोराला वाटणार, रेघेच्या आत पक्षी आणि बाहेर काही नाही. पक्ष्यांना ती रेघ ठाऊक नाही. भरतीला ते चिखल सोडून दुसऱ्या पाणथळीवर जातात आणि ओहोटीला परत येतात. या रोजच्या येण्याजाण्याचा नकाशा काढणं अवघड आहे, म्हणून तो निघत नाही. आणि निघत नाही म्हणून ती दुसरी पाणथळ बुजवताना कुणाला काही बुजवल्यासारखं वाटत नाही.

ठिपक्यांबद्दल थोडक्यात. नोंदींचा नकाशा हा मुळात नोंदणाऱ्यांचा नकाशा असतो. शिवडीच्या जेट्टीवर ठिपक्यांचा खच पडतो, कारण रविवारी कॅमेरेवाले तिथे जातात. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारांत वर्षानुवर्षं झाडोरा वाढला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात तर तळंही आहे. पण दाराला कुलूप आणि पहारेकरी. तिथे ठिपका टाकणार कोण? कोरी जागा म्हणजे ‘इथे कुणी पाहिलं नाही’ एवढाच अर्थ. वाचणारा तो ‘इथे काही नाही’ असा घेतो आणि जमिनीवर डोळा असणारा तर तसाच घेणार.

यावर पूर्वपक्षाचं एक बळकट उत्तर येतं : ‘मग प्रवाळांचं काय? नोंदी होत्या म्हणूनच मुंबईच्या किनारी रस्त्याच्या (कोस्टल रोड) वादात प्रवाळांचा प्रश्न उठला ना?’ उठला, आणि याच उदाहरणावर थोडं थांबलं पाहिजे. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने किनारी रस्त्याची किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) परवानगी रद्द केली आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखालचीही परवानगी लागेल असं सांगितलं, कारण प्रवाळ त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाइतकंच संरक्षण. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. २०२० मध्ये परवानगी घेऊन वरळी-हाजीअलीच्या प्रवाळ वसाहती खडकावरून काढून मुंबईच्याच किनाऱ्यावर इतरत्र, काही कुलाब्याच्या बाजूला, नेऊन लावल्या गेल्या. रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव पडला.

हे ठिपक्याचं यश म्हणायचं का? माझ्या मते ठिपक्यानेच इथे घात केला. संवर्धनाचं सगळं ज्ञान ‘या बिंदूवर अमुक प्रजाती’ इतकं आटवलं की तो बिंदू उचलून दुसरीकडे ठेवण्याची सोयही त्याच्यासोबत येते. मग चर्चा होते ती किती वसाहती जगल्या या टक्केवारीची. ज्या खडकावर त्या होत्या, ज्या डबक्यात समुद्रफूल मिटत होतं, जिथे कोळणी कालवं काढत होत्या, त्यांची नोंद वेगवेगळ्या ठिपक्यांत होती, एकत्र नव्हती. म्हणून त्यांचा हिशेब कुणी मागितला नाही. नकाशा खोटा नव्हता. त्याने सांगितलं ते खरं होतं, पण ते आपल्या कामाचं निघालं नाही.

याच रस्त्यावर दुसरं उदाहरण घडलं, आणि तिथे मात्र ज्ञान पोहोचलं. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते, मधलं अंतर ६० मीटर. कागदावर होडी सहज जाते. पण लाटा उसळतात, वारा ढकलतो, होडी कागदावरच्या रेषेसारखी सरळ जात नाही, हे नाखव्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं. कोर्टात गेले, समुद्रात होड्या आडव्या लावून काम बंद पाडलं, आणि अखेर हे अंतर १२० मीटर करायचं ठरलं. त्यांची मागणी त्याहून मोठी होती, ती पुरी झाली नाही. पण सरकारी आराखड्यावरचा आकडा बदलला तो ज्यांचं पोट त्या वाटेवर आहे अशा माणसांनी. ज्ञान कुणाचं आणि त्यासाठी उभं कोण राहणार, या दोन प्रश्नांची उत्तरं तिथे एकच होती.

तेव्हा मंडन असं. स्थळनिष्ठ माहिती जरूर गोळा करा, पण ती कुणाच्या, कोणत्या दिवशी, कशासाठी उपयोगी पडणार हे आधी ठरवा. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कित्येकांना पाकटांनी डंख मारले. तेव्हापासून दर भाद्रपदात पाकट आणि जेलीफिशबद्दल सूचना निघते : अनवाणी पाण्यात जाऊ नका. मुंबईकराला आपल्या समुद्राबद्दल मिळणारं हे सर्वांत परिणामकारक शिक्षण असावं, कारण त्यात जागा आहे, वेळ आहे आणि आपला पाय आहे. तसाच झाड तोडण्यापूर्वी त्याच झाडावर चिकटवायचा कागद. १९७५ च्या वृक्षकायद्याखालची ती नोटीस दादरच्या गल्लीत हरकती उभ्या करते. २०१८ च्या वृक्षगणनेतली २९ लाख ७५ हजार झाडं पोर्टलवर पाहून कुणी हरकत घ्यायला धावल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि माहिती हातात असली की माणूस तसा वागतोच, असं मानणाऱ्यांनी ७ सप्टेंबर २०२५ आठवावा. भाद्रपद पौर्णिमा, भरती सव्वाअकराच्या आसपास. ती वेळ प्रत्येकाच्या मोबाइलवर होती. सकाळी चौपाटीवर पोहोचलेल्या लालबागच्या राजाचं विसर्जन रात्री नऊच्या सुमाराला झालं. विसर्जनाचा तराफा नवा होता, इतर अडचणीही असतील. पण समुद्राचं वेळापत्रक ठाऊक असणं आणि त्याप्रमाणे आपलं आखणं यांत केवढं अंतर असतं ते त्या दिवशी लाखो लोकांनी पाहिलं.

नकाशे करणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. किनाऱ्याच्या प्रत्येक नकाशावर तो कोणत्या भरती-ओहोटीचा आहे ते छापा. जिथे कुणी पाहिलं नाही ती जागा कोरी न ठेवता तसं लिहून वेगळ्या रंगात दाखवा. नावं मराठीत आणि कोळ्यांच्या तोंडची द्या. आणि तोच नकाशा कागदावर उतरवून गणपतीच्या पंधरा दिवस आधी परळ-लालबागच्या मंडळांकडे घेऊन जा. देखावे करण्यात त्यांचा हात धरणारं या शहरात कुणी नाही, आणि तिथे जेवढी माणसं रांगेत उभी राहतात तेवढी कोणत्याही पोर्टलला लाभत नाहीत. अनुदानाच्या अर्जात सर्व्हरच्या खर्चाची ओळ असतेच. तिच्याखाली छपाईची, आणि ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर घेऊन जाणाऱ्या माणसाच्या मानधनाची ओळ घाला. पैसे कमी पडले तर सर्व्हरची ओळ खोडा.