वाट पडते, पण टिकते कशी?

श्रोतेहो, रानातली पायवाट कशी पडते हे आपल्याला कुणी सांगायला नको. चार माणसे रोज त्याच अंगाने गेली की वाट पडते. एक पावसाळा कुणी फिरकले नाही की गवत तिला गिळून टाकते. आज मी ज्या वाटेची हकीकत सांगणार आहे ती दूर अमेरिकेतली, सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची. पण नियम तिलाही तोच लागू पडला.

अमेरिकेच्या पूर्व अंगाला ॲपलेशियन नावाची डोंगरांची रांग आहे. १९२१ साली बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाने एका मासिकात लेख लिहून सुचवले की, या रांगेच्या माथ्यामाथ्याने एक सलग पायवाट काढावी. शहरात कोंडलेल्या कष्टकरी माणसाला चार दिवस मोकळ्या हवेत चालता यावे, रानात मुक्काम करता यावा, हा त्याचा हेतू. कल्पना त्याची; पण हात पुष्कळांचे लागले. ठिकठिकाणी मंडळे निघाली. सुटीच्या दिवशी माणसे कुऱ्हाडी घेऊन डोंगरावर जात, झाडोरा तोडीत, झाडांच्या बुंध्यांवर खुणेचे पांढरे पट्टे ओढीत. मुक्कामासाठी तीन बाजूंनी बंद आणि समोरून उघडे असे लाकडी निवारे उभे राहिले. १९३७ साली दक्षिणेच्या जॉर्जियापासून उत्तरेच्या मेनपर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी वाट पुरी झाली.

आणि लगेच मोडायलाही लागली! १९३८ साली मोठे वादळ झाले, त्यात उत्तरेकडची असंख्य झाडे उन्मळून आडवी पडली. पाठोपाठ महायुद्ध आले. वाट राखणारे हात दुसरीकडे गुंतले. १९४८ साली अर्ल शेफर नावाचा लढाईवरून परतलेला सैनिक पाठीवर बोचके टाकून निघाला आणि १२४ दिवसांत ती एका दमात चालून गेला. वाट जागोजाग बुजलेली होती, तरी त्याने ती शोधून काढली.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. एमा गेटवुड ही ओहायो राज्यातली शेतकरीण. अकरा लेकरांची आई; संसारात नवऱ्याचा मार सोसलेली. एका मासिकात तिने या वाटेचे वर्णन वाचले. १९५४ साली ती निघाली, पण रानात वाट चुकली, चष्मा फुटला, परत यावे लागले. दुसऱ्या वर्षी, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती पुन्हा निघाली. घरी सांगितले काय, तर जरा फिरून येते! पायांत कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पांघरायला घोंगडी, पावसासाठी न्हाणीघराचा मेणकापडी पडदा. तंबू नाही. निवारा मिळाला तर निवाऱ्यात, नाही तर पाल्यावर अंग टाकायचे. १४६ दिवसांनी ती मेनमधल्या कटाडिन शिखरावर पोहोचली. पुढे आणखी दोनदा तिने ही वाट पुरी केली.

वर्तमानपत्रवाले कौतुक करायला आले, तेव्हा बाईंनी भीडभाड ठेवली नाही. झाडे पडलेली, निवारे जळालेले, खुणा पुसलेल्या, सारे सांगून टाकले. ही बोलणी लोकांच्या कानी गेली आणि वाटेची डागडुजी होऊ लागली.

दुसरा धोका होता जमिनीचा. वाट पुष्कळ ठिकाणी खाजगी मालकीच्या जमिनीतून जाई. मालकाने कुंपण घातले की वाट खुंटली. म्हणून १९६८ साली कायदा करून तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा दिला गेला, आणि १९७८ नंतर जमिनी विकत घेण्याच्या कामाला जोर आला.

मग माणसांचे काम संपले का? नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन नावाच्या चक्रीवादळाने दक्षिणेकडचा भाग झाडांनी भरून टाकला, तेव्हा पुन्हा स्वयंसेवकच करवती घेऊन डोंगरावर चढले. कायद्याने जमीन राखता येते. वाटेवर पडलेले झाड मात्र कुणीतरी उचलावेच लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना नकाशावर ही रांग जरूर दाखवा. आणि मग एक प्रश्न विचारा: आपल्या गावातली कोणती जुनी वाट बुजत चालली आहे, आणि ती शेवटची साफ कुणी केली होती? उत्तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मिळेल.