मुखपाठ, पोथी आणि स्मॉलटॉक

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ते कसे सिद्ध झाले, कसे हरवले आणि कसे परत मिळवले, तिकडे माझे लक्ष गेले ते अकोल्यातल्या भारनियमनामुळे.

२००६चा उन्हाळा. मी स्मॉलटॉक या संगणकभाषेत लीळांची सूची करत होतो. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग आदींनी ती घडवली. इतर बहुतेक भाषांत आज्ञावली साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितात. फाइल हीच मूळ प्रत. स्मॉलटॉकमध्ये सारे काही जिवंत वस्तूंच्या रूपात संगणकाच्या स्मृतीत नांदते, आणि त्या अख्ख्या स्मृतीचे चित्र ‘इमेज’ नावाच्या एका फाइलीत जतन करतात. दुसऱ्या दिवशी ती उघडली की काल अर्धवट सोडलेली खिडकीही जिथल्या तिथे. सोय मोठी, पण इमेज माणसाला वाचता येत नाही.

म्हणून ‘फाइल-आउट’. हवा तो वर्ग आणि त्याच्या कृती साध्या मजकुरात बाहेर काढायच्या, दुसऱ्याच्या यंत्रात ‘फाइल-इन’ करायच्या. तुकडा संपला की उद्गारचिन्ह. मजकुरातच ते आले तर दोनदा लिहायचे, नाहीतर यंत्राला वाटते तुकडा तिथेच संपला. आत घेताना यंत्र एकेक तुकडा वाचते आणि लगेच अमलात आणते. ज्या वर्गाच्या आधारावर दुसरा उभा आहे तो आधी आला नाही, तर पुढचे सारे कोलमडते.

केशोबासांनी लीळाचरित्रातून चक्रधरस्वामींची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ केला, तेव्हा अडचण हीच होती. वचने सुटी झाली, पाठ करायला सोपी झाली. पण कोणते वचन कुठे, कोणाला, कशावरून निघाले, हे मागे राहिले. ते सांगायला पंथात ‘प्रकरणवश’ तयार झाले. सूत्रपाठ एकटाच वाचणाऱ्यांनी स्वामींच्या वचनांचे जे अर्थ लावले आहेत, त्यांतले काही पाहिले की प्रकरणवशाची किंमत कळते.

मूळ ग्रंथाची कथा तर याहून बोलकी. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांच्या आणि इतर भक्तांच्या मनात होत्या. म्हाइंभटांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना गाठून त्या लिहून घेतल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे ‘खालशाची धाड’ आली. परंपरा सांगते की मूळ पोथी तीत गेली, आणि हिराइसा आदींच्या मुखपाठावरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. साहजिकच पाठ एकाहून अधिक झाले. पंथाने एक खरा धरून बाकीचे टाकून दिले नाहीत. पोथ्यांत ‘वासना’, ‘शोध’ अशा खुणा घालून निराळा पाठ तिथेच नोंदवला. वि. भि. कोलत्यांची १९७८ची संपादित आवृत्ती वाचताना या पाठांच्या गर्दीचा कंटाळा येतो खरा. पण ती गर्दी हीच पंथाची प्रामाणिकता.

नंतर सकळ लिपी आली. ती रवळोबासांची मानतात. एका अक्षराजागी दुसरे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती उकलेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकाला पोथी हातात असूनही मुकीच होती. लिपीने पोथ्या वाचवल्या, असे म्हणतात. मला वाटते, मठोमठी नकला झाल्या म्हणून त्या वाचल्या. लिपीने वाचक तेवढे कमी केले.

स्मॉलटॉकमध्ये इमेजशेजारी ‘चेंजेस’ नावाची साध्या मजकुराची फाइल असते. बदललेली प्रत्येक कृती तिच्या शेवटी लिहिली जाते, जुनी पुसली जात नाही. त्या दुपारी वीज गेली आणि माझी इमेज बिघडली तेव्हा याच फाइलीने माझी सगळी आज्ञावली परत दिली. लीळा मात्र गेल्या. त्या मी खिडकीत टंकून वस्तू म्हणून साठवल्या होत्या, आणि ती फाइल आज्ञा नोंदवते, वस्तूंच्या पोटात काय भरले ते नाही.

त्यांतल्या चाळीसेक माझ्या मावशीने तोंडी सांगितलेल्या होत्या. ती महानुभाव घरात दिलेली. सासूकडून ऐकून तिला त्या पाठ होत्या. मी शरमत अमरावतीला गेलो. ‘मंग काय झालं, पुन्हा सांगतो ना,’ म्हणाली आणि आठ दिवस सांगत बसली. या वेळी मी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवले. मराठी अक्षरे तेव्हा स्मॉलटॉकमध्ये नीट उमटत नसत, म्हणून रोमन लिपीत.

एका लीळेत पहिल्या खेपेला तिने सांगितलेला शेवट मला पक्का आठवत होता. दुसऱ्या खेपेला तो निराळा आला. विचारले, तर म्हणाली, दोन्ही सासूबाईंचेच. मी दोन्ही एकाखाली एक लिहिले आणि दुसऱ्यापुढे ‘वासना’ अशी खूण केली. मावशी २०११ साली गेली. ती फाइल अजून कोणत्याही यंत्रावर उघडते.